व्हर्लिन टटलने काढलेला उतार

नव्या बाथरूममध्ये पहिल्यांदा पाणी सोडलं, तेव्हा ते जाळीकडे गेलं नाही. लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखं ते क्षणभर घुटमळलं आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात दारातून बाहेर पडलं. दाराला मुद्दामच उंबरा ठेवला नव्हता. पाणी हॉलमध्ये आलं, डावीकडे वळलं आणि आईच्या शिलाई मशीनच्या पायाशी जाऊन थांबलं.

रोवेना हॅस्केट मोज्यांवर उभी होती. मोजे ओले झाले, तरी ती हलली नाही. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. योग्य कपाटासमोर जाऊन उभं राहिलं की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, अशी तिची श्रद्धा होती. या प्रश्नाचं कपाट कुठलं, ते तिला पटकन सुचेना.

"धार बघितलीस?" कॉन्ट्रॅक्टर व्हर्लिन टटल अभिमानाने म्हणाला. "अख्ख्या क्लोव्हर बेंडमध्ये अशी धार नाही कुणाकडे."

"व्हर्लिन, पाणी हॉलमध्ये गेलंय."

"जाणारच ना! नवीन काम आहे. एकदा फरशी बसली की पाणीही बसतं."

"बसलंय ते. मशीनखाली."

व्हर्लिनने वाकून पाहिलं, कान खाजवला आणि ट्रककडे गेला. उतार तपासायची पाणसळ आणायला गेला असेल असं रोवेनाला वाटलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाणसळ नव्हती. काखेत तान्ह्या बाळाएवढी एक झुकिनी होती. "घरच्या बागेतली," तो म्हणाला, आणि ती तिच्या हातात देऊन निघून गेला.

झुकिनीबद्दल सांगायला हवं. काकडीने भोपळ्याशी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं असतं, तर जे झालं असतं ते हे फळ. क्लोव्हर बेंडमध्ये वर्षभर कुणी गाडीला कुलूप लावत नाही. लावतात ते फक्त ऑगस्टमध्ये, कारण उघडी गाडी दिसली की शेजारीपाजारी मागच्या सीटवर झुकिन्या टाकून पसार होतात. चोरी व्हायची भीती नसते, भीती दानाची असते. रोवेनाला गावाबाहेर राहून इतकी वर्षं झाली होती, की ती हे साफ विसरली होती. आठवडाभरात तिच्या गाडीत आणि स्वयंपाकघरात मिळून एका लहानशा शाळेला पुरतील इतक्या झुकिन्या जमल्या. त्यातल्या निम्म्या व्हर्लिनच्या होत्या. त्याच्या कामात एक चूक निघाली की एक झुकिनी, असा हिशोबच पडून गेला होता.

बाथरूमचा घाट शौकापायी घातलेला नव्हता. आई मार्चमध्ये गेली. जूनमध्ये बाबा, म्हणजे हार्लन हॅस्केट, जुन्या टबचा काठ ओलांडताना पडले आणि त्यांचा खुबा मोडला. सगळा जन्म या गावात घरोघर टपाल वाटत चाललेला माणूस आता चाकांच्या कुबडीला धरून 'मेडो व्ह्यू' नावाच्या पुनर्वसन केंद्रात पावलं मोजत होता. नावात कुरण असलं, तरी खिडकीतून टायरच्या दुकानाची पाठ दिसायची. त्या केंद्राला दोन बाजू होत्या. अलीकडच्या बाजूला घरी जाणारे. तिथल्या दारांवरची नावं कागदावर लिहून चिकटपट्टीने लावलेली. मधल्या दुहेरी दारापलीकडे न जाणारे. तिथली नावं पितळी पट्टीवर कोरलेली.

"घरी काठ न ओलांडता आंघोळ करता आली पाहिजे, आणि धरायला पक्के दांडे हवेत," तिथली थेरपिस्ट गोड हसून म्हणाली होती. "सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत झालं तर छानच. नाहीतर आपल्याला पलीकडच्या बाजूचा विचार करावा लागेल." 'आपल्याला' म्हणताना ती नेहमी बाबांकडे बघायची.

कॉन्ट्रॅक्टर निवडला तो बाबांनी. "व्हर्लिनच. दुसरा कुणी घरात पाऊल टाकणार नाही."

त्याला कारण होतं. आई गावच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायची. गावातल्या अर्ध्या लोकांना भागाकार तिने शिकवला आणि उरलेल्या अर्ध्यांना तो येत नाही. व्हर्लिन तिचा लाडका विद्यार्थी होता. लाडका अशासाठी, की तो तिच्या वर्गात दोन वर्षं होता. एकदा स्वतःच्या वयाच्या मुलांबरोबर आणि एकदा रोवेनाच्या शेजारी, एकाच बाकावर. पुढे तो मोठा झाला, त्याने राज्याचं लायसन्स काढलं आणि ट्रकच्या दारावर स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लायसन्सचा नंबर रंगवला. तरी आईला तो शेवटपर्यंत 'बाई' म्हणायचा. बाई घरी असताना त्याने स्वयंपाकघरातली कपाटं बसवली, मागचा ओटा केला, आणि सगळं काम सुतात झालं. बाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या असायच्या ना! आणि मार्चमध्ये आईच्या पेटीला खांदा देणाऱ्यांत पुढच्या डाव्या कोपऱ्याला व्हर्लिन होता. लेकरासारखा रडत होता, पण पेटी त्याने तसूभरही कलू दिली नव्हती.

तोल सांभाळण्याची त्याची ही कला बाथरूमच्या फरशीत उतरली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

*

दांडे पक्के आहेत की नाहीत, हे शेजारच्या ट्वायलाने सिद्ध केलं. ट्वायला बोर्गेन ही चर्चच्या भोजनसमितीची कायमची अध्यक्ष. आई गेल्यापासून ती दर दोन दिवसांनी बटाटे आणि चीजचं एक तापलेलं भांडं घेऊन येत होती. दुःख पोटातून जातं, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या स्वतःच्या देहाकडे पाहता तिने आयुष्यात पुष्कळ दुःख पचवलेलं असावं.

"बघू तरी ही ताजमहालाची मोरी," म्हणत ती आत शिरली. भिंतीतला चकचकीत दांडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि बसून बघावं म्हणून खाली बसू लागली. खाली ती बसली, पण दांडाही तिच्याबरोबर आला. स्क्रू आले आणि त्यांच्यामागे भिंतीचा पाटीएवढा तुकडाही आला. ट्वायला फरशीवर बसली होती आणि दांडा तिच्या हातात राजदंडासारखा उभा होता.

"ट्वायला! लागलं का?"

"लागायला मला हाडं कुठे सापडतायत?" ट्वायला म्हणाली. "पण हार्लनचं काय झालं असतं गं?"

रोवेनाने वाकून पाहिलं. भिंतीच्या भोकातून आत नुसती पोकळी दिसत होती. मागे लाकूड नव्हतंच. दांडा पुठ्ठ्यासारख्या तक्त्यात ठोकून दिलेला होता.

"मंडळाकडे जा," ट्वायला खालूनच म्हणाली. "राजधानीत कॉन्ट्रॅक्टर लोकांचं मंडळ आहे. त्यांनीच लायसन्स दिलंय ना? त्यांनीच कान धरावेत. माझ्या चुलतभावाने छप्परवाल्याला असा सरळ केला की तो आता गावात मान खाली घालून फिरतो. अर्थात छप्पर अजून गळतंय."

रोवेनाला हायसं वाटलं. कपाट सापडलं होतं. तिने मंडळाचे नियम मुळापासून वाचून काढले आणि मग फोन लावला. पुष्कळ वेळ बासरी ऐकवल्यानंतर एका बाईचा आवाज आला.

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"हार्लन आणि बर्निस हॅस्केट. माझे आईवडील."

"दोघांपैकी एका मालकाची सही लागेल. मिसेस हॅस्केट आहेत का?"

"नाहीत."

"केव्हा भेटतील?"

रोवेनाने खिडकीबाहेर पाहिलं. "त्या वारल्या," ती म्हणाली.

"ओह. मग मिस्टर हॅस्केटची चालेल," बाई अपराधी स्वरात म्हणाली आणि भरपाई म्हणून पुढचं सगळं फार हळुवारपणे समजावून सांगितलं. तक्रार घ्यायच्या आधी कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवावं लागतं आणि चूक दुरुस्त करायची संधी द्यावी लागते. म्हणजे ज्याने बिघडवलं, त्यालाच सुधारायचा पहिला मान. पाकीटमाराला पकडल्यावर आधी त्याला पाकीट नीट घडी घालून खिशात परत ठेवू द्यावं, तसं काहीसं.

"आणि दुसरा कॉन्ट्रॅक्टर बोलावला तर?"

"बांधकामाची परवानगी पहिल्याच्या नावावर आहे ना? तुम्ही विचारून बघा."

तिने विचारून बघितलं. शेजारच्या गावातल्या दोघांनी ट्रकमधून न उतरताच माना हलवल्या. अर्धवट काम म्हणजे दुसऱ्याचं आजारी मूल, कुणी कडेवर घेत नाही.

*

रोवेनाचं लेखी पत्र मिळाल्यावर दोन दिवसांनी व्हर्लिन आला. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याने ते आधीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्यामुळे रोवेना पेट्रोल भरायला गेली तरी लोक तिच्याकडे, एखादीने पाद्रीबाबांना दगड मारावा, तसं बघत होते.

"मला पत्र?" व्हर्लिनचा आवाज कापत होता. "टपालाने? रोवी, आपण एका बाकावर बसायचो!"

"म्हणूनच मला माहितीये तू गृहपाठ कसा करायचास."

"तुझाच तर बघून करायचो."

"आणि तरी चुकायचास."

हे त्याला लागलं. त्याने आवेशात फरशी उखडली आणि नवी घातली. या खेपेला उतार जाळीकडे होता. पाणी आज्ञाधारकपणे तिकडे गेलं. रोवेनाचे डोळे भरून यायचेच बाकी होते. मग तिने दार लावायला घेतलं, तर ते अर्ध्यातच अडलं. फरशी दोन बोटं वर आली होती.

"हात्तिच्या! खालून तासतो," व्हर्लिन म्हणाला आणि दार काढून अंगणात घेऊन गेला. करवतीचा आवाज आला, शीळ आली. तो दार घेऊन परत आला, बिजागऱ्या बसवल्या आणि दार लावलं. ते पुन्हा तिथेच अडलं. वर मात्र आता चांगली वीतभर फट होती.

दोघांनी मान वर करून त्या फटीकडे पाहिलं.

"उलटं धरलं होतं मी," व्हर्लिन बराच विचार करून म्हणाला.

मग त्याने ते खालूनही कापलं, आणि रागाच्या भरात जरा जास्तच कापलं. आता दार सहज उघडत-मिटत होतं. आत उभ्या माणसाचा भांग आणि बसलेल्याच्या पोटऱ्या एवढंच बाहेरून दिसायचं. "हवा खेळती राहते," व्हर्लिन म्हणाला. दांडा त्याने 'असा ठोकला की भूकंपात घर पडेल, दांडा नाही.' आणि जाता जाता नळाची जोडणीही नव्याने केली. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोन झुकिन्या मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोवेनाने कमोडचं झाकण उचललं, तर आतून वाफ आली.

ती झाकण हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. पृथ्वीच्या पोटातून निघणारे गरम पाण्याचे झरे तिने पुस्तकांत पुष्कळ वाचले होते. पण ते असे घरात, चिनी मातीत बांधून काढलेले कुठल्याच ग्रंथात नव्हते. व्हर्लिनने गरम पाण्याचा नळ फ्लशच्या टाकीला जोडला होता.

ती तडक मेडो व्ह्यूला गेली. सहीचा कागद पर्समध्ये होता. बाबा जेवणघरात बसून हिरव्या जेलीकडे बघत होते. जेली थरथरत होती, बाबा निश्चल होते.

"बाबा, इथे सही करा."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. टपालवाल्याच्या सवयीने आधी पत्ता वाचला. मग कागद घडी घालून तिच्याकडे परत दिला.

"बर्निसला त्याने खांदा दिलाय, रोवेना."

"मला माहितीये."

"खांदा दिलेल्या माणसाची तक्रार करतं का कुणी?"

"बाबा, पाणी..."

"पाण्याचं काय! पाणी पुसता येतं." त्यांनी जेलीचं ताट बाजूला सारलं. "गावात तोंड दाखवायचंय मला अजून."

"गावात यायला मिळालं तर ना!" रोवेना म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने ओठ मिटून घेतले. दुहेरी दारापलीकडून कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला. बाबांनी त्या दिशेला मान वळवली नाही. ते त्या दिशेला कधीच मान वळवत नसत, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

*

रविवारी दुपारपुरतं घरी न्यायची परवानगी मिळाली. बाबांनी घर बघावं, चार घटका आपल्या खुर्चीत बसावं, एवढाच रोवेनाचा बेत होता. पण ट्वायलाच्या कानावर बेत गेला की तो समारंभ होतो. बाबा चाकांची कुबडी ढकलत दारातून आत आले, तर हॉलमध्ये चर्चच्या सात-आठ बायका, पाद्रीबाबांची पत्नी, कॉफीचा मोठा थर्मास आणि झुकिनीचे केक. होय, त्याचे केकही करतात. गत्यंतर नसतं.

बाबा सगळ्यांशी हसून बोलले. शिलाई मशीनजवळून जाताना त्यांनी त्यावर हात ठेवला. सुईखाली त्यांची पँट तशीच होती, अर्धी दुमड घातलेली. मार्चपासून कुणी काढली नव्हती. मग दोन कप कॉफी झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मी जरा आत जाऊन येतो. नवी बाथरूम बघतो."

"बाबा, मी पाणी आधी गार..."

"मला येतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दाराला अभिमानाने कडी लागली. वरून टक्कल आणि खालून मोजे, पँटच्या चुण्या आणि कुबडीची चाकं दिसत होती. बायकांनी एकदम हवापाण्यावर बोलायला सुरुवात केली. थोडा वेळ सगळं ठीक होतं. मग फ्लशचा आवाज आला आणि पाठोपाठ टपालखात्यात आयुष्य काढलेल्या सभ्य माणसाच्या तोंडून रोवेनाने कधीच न ऐकलेला एक शब्द आला. दाराच्या वरच्या फटीतून वाफेचा ढग निघाला आणि हॉलच्या छताखाली पसरला.

"हार्लन, भाजलं का रे?" ट्वायलाने दारापाशी जाऊन विचारलं.

"ट्वायला, तू माझ्या पायांकडे बघतेयस का?"

"दुसरं काय बघू? तेवढेच दिसतायत."

पाद्रीबाबांच्या पत्नीने कपात तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते.

बरंच काही झाल्यावर दार उघडलं. बाबा लालबुंद झाले होते आणि चष्म्यावर धुकं जमलं होतं. त्यांनी कुणाकडेही पाहिलं नाही. कुबडी ढकलत ते सरळ रोवेनासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"पेन दे," ते म्हणाले.

*

मंडळाकडून मिस ओर्टेगा आल्या. लहान चणीच्या, शांत, पायात मजबूत बूट. त्यांनी बाथरूममध्ये पाऊल टाकलं, खिशातून काचेची एक गोटी काढली आणि दाराजवळ फरशीवर ठेवली. गोटी जाळीकडे निघाली. रोवेनाने व्हर्लिनच्या वतीने श्वास रोखला. अर्ध्या वाटेवर गोटीने विचार बदलला, कमोडला वळसा घातला आणि कोपऱ्यात जाऊन थांबली. तिथे बारीकसं डबकं साचत असे. नुसत्या नजरेला ते कधी दिसलं नव्हतं.

"हं," मिस ओर्टेगा म्हणाल्या. मग त्यांनी दांडा एका बोटाने हलवला. "हं." मग दारासमोर त्या जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. "हे पाडून बनवलंय की बनवून पाडलंय?"

व्हर्लिन काळ्या सुटात आला होता. क्लोव्हर बेंडमध्ये पुरुषाकडे एकच सूट असतो. त्यामुळे आईच्या अंत्यविधीच्या दिवशीचा माणूस पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा रोवेनाला कॉफीच्या कपांचं तबक खाली ठेवावं लागलं.

सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. बाबांना केंद्रातून आणलं होतं. मिस ओर्टेगांनी चुका वाचून दाखवल्या. नुसता आवाज ऐकला असता तर कुणाला वाटलं असतं, चर्चमध्ये प्रार्थनेसाठी आजाऱ्यांची नावं वाचतायत.

"मिस्टर टटल, तुम्हाला काही म्हणायचंय?"

व्हर्लिनने टोपी काढली. "मी चांगलं काम करतो, मॅडम. हीच कपाटं बघा ना, माझीच आहेत. पण या खेपेला... त्या बाथरूममध्ये मी गुडघ्यावर बसलो ना, की मागे कुणीतरी उभं असायला हवं असं वाटायचं. वळून बघायचो, तर हॉलमध्ये ते मशीन. ती पँट. मग मला तिथे थांबवेना. हात उरकायचो आणि पळायचो. बाई नाहीत त्या घरात मला काम होत नाही, हार्लन. खरंच नाही होत."

बाबांनी टेबलावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. रोवेनाला स्वतःचाच राग आला, कारण तिला त्याची कीव आली होती, आणि त्याच वेळी तिला दंतवैद्याच्या घरचा व्हर्लिनने बांधलेला जिनाही आठवत होता. त्याची शेवटची पायरी हवेत होती. दंतवैद्याकडे कुणीही वारलेलं नव्हतं.

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. "रोवी, तक्रार मागे घे. सगळं पुन्हा करतो, फुकट करतो. पण मंडळाने ठपका ठेवला की तो माझ्या नावापुढे सगळ्या जगाला दिसणार. माझ्या नातवंडांनासुद्धा."

मिस ओर्टेगांनी पेन खाली ठेवलं. "मागे घ्यायची असेल तर आत्ताच सांगा."

इतके दिवस रोवेनाने या क्षणाची मनातल्या मनात तयारी केली होती. कलमं पाठ होती. आता त्यातलं एकही आठवेना. तिला फक्त चिकटपट्टी आठवत होती, बाबांच्या दारावरची. एका कोपऱ्यातून ती सुटायला लागली होती.

"व्हर्लिन," बाबा म्हणाले. "तू चौथीत दोन वर्षं होतास."

"होय."

"का?"

व्हर्लिन टोपीकडे बघत राहिला. "बाई म्हणाल्या, अर्धं शिकलेलं पोर मी पुढे ढकलणार नाही."

"तुझी आई रडत आली होती आमच्याकडे. या इथेच बसली होती. म्हणाली, पोराचं नाव खराब होईल. बर्निसनेही डोळे पुसले, कॉफी दिली, आणि तुला पुन्हा चौथीत बसवलंच. मी तिला म्हटलं, सोड ना. तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही." बाबा पहिल्यांदाच हसले. "तक्रार राहील."

"हार्लन, मी बाईंना खांदा..."

"दिलास. विसरलो नाही मी. माझ्या पेटीलाही तूच ये, त्याच कोपऱ्याला. बर्निसला किती अलगद नेलंस तू. पण त्याच्या आधी मला माझ्या घरात आंघोळ करायचीय."

मिस ओर्टेगा खिडकीबाहेर बघत होत्या. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. झुकिन्या होत्या.

*

मंडळाने ठपका ठेवला. काम पुन्हा करायचं, तेही दुसऱ्या लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली, असा हुकूम निघाला. व्हर्लिनने शरमेने ट्रकवरच्या नंबरावर चिकटपट्टी लावली. त्यावर मंडळाचं वेगळं पत्र आलं, की नंबर झाकणं हाही गुन्हा आहे. मग त्याने पट्टी काढली. रंग थोडा निघाला, पण नंबर राहिला.

देखरेख करणारा गृहस्थ शेजारच्या गावाहून यायचा, पाणसळ लावायचा, मान हलवायचा आणि जेवायला जायचा. दिवसभर मागे उभं राहायचं काम त्यामुळे रोवेनाकडे आलं. तिने हॉलमध्ये मशीनशेजारी खुर्ची टाकली. मिस ओर्टेगा जाताना गोटी टेबलावर विसरून गेल्या होत्या, की ठेवून गेल्या होत्या, कोण जाणे.

"झालं," व्हर्लिन म्हणायचा.

रोवेना उठायची आणि गोटी ठेवायची. गोटी रेंगाळायची.

"पुन्हा कर."

"आता ही काय एवढीशी..."

"पुन्हा, व्हर्लिन."

तो कुरकुरत गुडघ्यावर बसायचा. पण आता तो मागे वळून बघत नसे.

शेवटी एकदा गोटी दारातून निघाली, ती इकडेतिकडे न बघता जाळीवर जाऊन टक्कन थांबली. दार नवं बसलं, माथ्यापासून पायापर्यंत. दांड्याला व्हर्लिन स्वतः पाय उचलून लोंबकळला आणि ट्वायलालाही लोंबकळायची विनंती करण्यात आली. तिने ती मोठ्या मनाने मान्य केली. दांडा टिकला. त्यावर ट्वायला म्हणाली, की आता भूकंप खुशाल येऊ दे. नगरपालिकेच्या तपासनिसाने सही केली, थेरपिस्टने सही केली. शाळेच्या पिवळ्या बसेस रस्त्यावर दिसायला लागल्या, त्याच आठवड्यात बाबा घरी आले. येताना त्यांनी दारावरचा आपल्या नावाचा कागद सोलून खिशात घालून आणला.

त्या दिवशी ते आंघोळीला गेले. दार लागलं, आणि या खेपेला बाहेरून काहीच दिसलं नाही. रोवेनाने कपाटातून एक जाडसर टॉवेल काढला. तो दारापासून मशीनपर्यंत, पाण्याच्या जुन्या वाटेवर, आडवा घातला आणि ती मोज्यांवर उभी राहिली. या प्रकरणात तिच्या श्रद्धा थोड्या कमी झाल्या होत्या.

आत पाणी सुरू झालं. बऱ्याच वेळाने बाबांचा आवाज आला.

"रोवेना! बाहेर आलं का गं?"

"नाही बाबा. एक थेंब नाही."

"जाळीत जातंय?"

"जाळीतच जातंय."

"मग बर्निसला सांग..." बाबा म्हणाले आणि थांबले. आत पाणी पडत राहिलं. मग ते हळू आवाजात, बेसूर, काहीतरी गुणगुणू लागले. आई शिवताना गुणगुणायची ते.

रोवेनाने खाली वाकून टॉवेल चाचपला. खडखडीत कोरडा होता. तिने तो उचलला आणि मशीनजवळच्या खुर्चीत बसली.

तो टॉवेल त्या दिवशी कोरडा राहिला नाही. पण त्यात व्हर्लिनच्या कामाचा काही दोष नव्हता.